साठीनंतर जोडीनं जगप्रवास: मुक्कामामुक्कामानं, कमी खर्चात

आमच्या सॅका पहिल्यांदा भरून झाल्या, तेव्हा वजनकाट्यावर यांची सॅक साडेतेरा किलो भरली आणि माझी अकरा. त्या पाठीवर घेऊन आम्ही तीन मजले चढलो. वर पोचल्यावर मी भिंतीला टेकले आणि हे पायरीवरच बसले, पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. त्याच संध्याकाळी दोन्ही सॅका रिकाम्या केल्या आणि तयारी मुळापासून पुन्हा सुरू केली. पुढे अकरा महिने फिरलो ते सात-सात किलोंवर. निघालो तेव्हा यांना ६६ वर्षं होती, मला ६२.

ज्यांच्या मनात असा प्रवास घोळतोय पण कुठून सुरुवात करावी हे सुचत नाही, अशा जोडप्यांसाठी हे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रवासाचा हिशेब मुक्कामात करा. किती देश पाहणार हे कुणी विचारलं तर उत्तर देता आलं नाही तरी चालेल, पण किती मुक्काम करणार हे मात्र ठाऊक असू द्या, आणि एका मुक्कामाला कमीत कमी दहा रात्री द्या. जागा बदलायचा दिवस सगळ्यात महागडा असतो. त्याच दिवशी पाठ दुखते, चष्मा विसरतो, औषध चुकतं आणि दोघांत खटके उडतात. असे दिवस महिन्यात तीनवर आणले की निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

पहिली पायरी: रंगीत तालीम

नोकरीतून मोकळं झाल्याबरोबर वर्षभराचं तिकीट काढू नका. आधी राहत्या देशातच, अनोळखी गावी, दोन आठवडे राहून या. अटी तीन: सामान जे जगभर नेणार तेच, प्रवास एसटी-रेल्वेसारख्या सार्वजनिक वाहनानं, आणि खर्च ठरवलेल्या रकमेच्या आत. या दोन आठवड्यांत दोघांच्या बाबतीत जे कळतं ते तीस-पस्तीस वर्षांच्या संसारातही कळलेलं नसतं. मला कळलं की गजबजलेल्या स्टँडवर यांना दडपण येतं आणि ते गप्प होतात. यांना कळलं की दुपारी तासभर पाठ टेकली नाही तर माझी संध्याकाळ वाया जाते. दोन्ही गोष्टी पुढे वेळापत्रकात घातल्या: स्टँडवर चौकशी मी करायची आणि दुपारचे दोन ते चार मोकळे ठेवायचे.

तालमीत रोज दहा-बारा किलोमीटर चाला, त्यातले निदान तीन सॅक घेऊन. उताराकडे लक्ष असू द्या. चढाला दम लागतो, पण गुडघे उतरताना जातात. तालमीतच दोन चालायच्या काठ्या वापरून पाहा. घडी होणाऱ्या काठ्या घ्या, म्हणजे सॅकमध्ये मावतील. विमानाच्या केबिनमध्ये त्या बऱ्याच ठिकाणी नेऊ देत नाहीत, त्यासाठी एक पातळ कापडी पिशवी जवळ असलेली बरी, तीत घालून त्या चेक-इनला देता येतात.

दुसरी पायरी: पैशाचे तीन गल्ले

एकूण किती लागतील, हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात आणि त्याचं एक उत्तर नसतं. त्याऐवजी तीन वेगळे गल्ले करा.

पहिला रोजच्या जगण्याचा: खोली, जेवण, गावातली बस, कपडे धुणं. हा महिन्याच्या हिशेबानं धरा, म्हणजे एका मुक्कामात जास्त गेले तर पुढच्या मुक्कामात भरून काढता येतात. दुसरा हलण्याचा: विमानं, लांबच्या गाड्या, व्हिसा, विमा. याचा खर्च आधीच बऱ्यापैकी नेमका कळतो. तिसरा गल्ला हात न लावायचा. त्यात दोघांचं कुठूनही घरी यायचं तिकीट आणि एका महिन्याचा पूर्ण खर्च ठेवा. हा तिसरा गल्ला भरलेला नसेल तर निघू नका, पुढच्या वर्षी निघा.

जगाला वळसा घालणारी तिकिटंही मिळतात. स्टार अलायन्स आणि वनवर्ल्ड या विमान कंपन्यांच्या गटांकडे अशी तिकिटं असतात, वर्षभर चालतात, एकाच दिशेनं पुढे जायचं असतं आणि टप्प्यांची संख्या जास्तीत जास्त सोळा. ज्यांना महाद्वीपांमधून भरभर जायचंय त्यांना ती सोयीची. आमच्यासारख्या रेंगाळणाऱ्यांना सुटी एकेरी तिकिटं बरी पडतात, कारण तब्येत आणि मन दोन्ही वर्षभर आधी ठरवलेल्या तारखा पाळत नाहीत. एकेरी तिकिटावर जाताना मात्र काही देशांत काउंटरवरच पुढच्या प्रवासाचं तिकीट मागतात. ते नसेल तर विमानात बसू देत नाहीत. सीमेपलीकडच्या गावाचं बसचं तिकीट बऱ्याचदा चालतं, पण त्या देशाचा नियम आधी वाचून घ्या.

कार्डांबद्दल थोडक्यात. दोघांची दोन वेगळी खाती, वेगवेगळ्या नेटवर्कची कार्डं, आणि ती कधीही एका पाकिटात नकोत. एटीएम किंवा दुकानातलं मशीन ‘तुमच्या चलनात रक्कम दाखवू का’ असं विचारतं, तेव्हा नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. त्या रूपांतरात दर वाईट असतो. पैसे बँकेच्या आत असलेल्या एटीएममधून, कामाच्या वेळेत काढा, म्हणजे कार्ड अडकलं तर आत माणूस असतो. आणि ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर परदेशात चालू राहील याची खात्री निघण्यापूर्वीच करा. आमच्या एका बँकेचा ओटीपी तीन आठवडे आलाच नाही. दुसरं खातं नसतं तर तिसरा गल्ला फोडावा लागला असता.

घराची आवराआवर

घर बंद ठेवणार असाल तर घराच्या विम्याचा कागद नीट वाचा. सलग तीस किंवा साठ दिवसांहून जास्त घर रिकामं राहिलं तर भरपाई नाही, अशी अट अनेक पॉलिसींमध्ये असते. पेन्शन मिळत असेल तर हयातीचा दाखला कधी आणि कसा द्यायचा, कर भरायची तारीख कोणती, हे एका कागदावर लिहा. मृत्युपत्र करून ठेवा. बँकेची आणि घराची कामं करता यावीत म्हणून विश्वासातल्या एका माणसाला मुखत्यारपत्र द्या. ही कामं कंटाळवाणी आहेत, दोन महिने खातात, पण एकदा संपली की डोक्यावरचं ओझं उतरतं.

तिसरी पायरी: डॉक्टर, दात आणि औषधं

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण आपल्या वयाचा प्रवास अडतो तो इथेच.

निघायच्या तीन महिने आधी डॉक्टरांकडे जा. ईसीजी, रक्तदाब, साखर, आणि उंचावर जायचं असेल तर ते आवर्जून सांगा. डोळे तपासून दोन चष्मे करा आणि नंबरचा कागद जवळ ठेवा. दाताचं एकही काम अर्धवट ठेवू नका. माझ्या एका दाढेचं काम ‘आल्यावर बघू’ म्हणून राहिलं आणि सातव्या महिन्यात तिनं चार रात्री झोपू दिलं नाही.

औषधं मूळ पाकिटातच न्या, डब्यांत काढून नको. डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या, त्यात औषधाचं ब्रँडचं नाव नको, मूळ घटकाचं नाव आणि मात्रा हवी. ब्रँड प्रत्येक देशात बदलतो, घटक बदलत नाही. सगळा साठा दोन भागांत करून दोघांच्या हातसामानात ठेवा. इन्सुलिन विमानाच्या पोटात कधीही देऊ नका, तिथे ते गोठू शकतं. इन्सुलिन परदेशात विकत घ्यायची वेळ आली तर ते यू-४० आहे की यू-१००, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आहेत की १००, आणि सिरिंज त्याच मापाची आहे ना, हे दोनदा तपासा. माप चुकलं तर डोस अडीचपट होऊ शकतो.

काही साधी वाटणारी औषधं काही देशांत गुन्हा ठरतात. कोडीन आणि ट्रामाडॉल असलेली वेदनाशामकं संयुक्त अरब अमिरातीत परवानगीशिवाय नेता येत नाहीत. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं बंदच आहेत, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधंही महिनाभराहून जास्त न्यायची तर ‘युन्यू काकुनिन-शो’ नावाचा दाखला आधी मागवावा लागतो. विमान बदलायला थांबता त्या देशाचा नियमही पाहा.

लसींमध्ये एक गोष्ट साठीपुढच्या प्रत्येकानं जाणून घ्यायला हवी. पीतज्वराच्या लसीचा दाखला ११ जुलै २०१६ पासून आयुष्यभर चालतो आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य धरतात. पण ही जिवंत विषाणूची लस आहे, आणि साठीनंतर ती पहिल्यांदाच घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. म्हणून आधी मार्ग ठरवा. मार्गात खरोखर पीतज्वराचा प्रदेश येत असेल तरच डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्या. आम्ही तो प्रदेश मार्गातूनच वगळला. हिपॅटायटिस ए, टायफॉइड, धनुर्वात यांचं डॉक्टर सांगतीलच. कुत्रं चावल्यावर लगेच दवाखाना गाठता येणार नाही अशा भागात बराच काळ राहणार असाल तर रेबीजबद्दलही विचारा.

विमानात चार तासांहून जास्त बसायचं असेल तर पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. दर तासाला उठा, पोटऱ्या हलवा, पाणी प्या. दाबाचे मोजे डॉक्टरांना विचारून घ्या. उन्हाळी गावात तहान लागायची वाट पाहू नका, वयाबरोबर तहानेची जाणीव मंद होते. जुलाब झालेच आणि ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि माप नेमकं.

विम्याचा कागद

पॉलिसीत चार जागा शोधा. वयाची मर्यादा: ६५, ७० किंवा ७५ नंतर नियम बदलतात. एका प्रवासाचे जास्तीत जास्त दिवस: वार्षिक पॉलिसी बऱ्याचदा सलग तीस किंवा साठ दिवसांच्या प्रवासालाच लागू असते, वर्षभराची सफर तीत बसत नाही. आधीपासूनचे आजार: रक्तदाबाची एक गोळी जरी चालू असेल तरी जाहीर करा, लपवलेली गोष्ट दावा फेटाळायला पुरते. आणि चालण्याची उंची: अमुक मीटरवरचं ट्रेकिंग वगळलेलं असतं. आजारी माणसाला दुसऱ्या शहरात किंवा घरी हलवण्याचा खर्च पॉलिसीत आहे ना, हे मात्र सगळ्यात आधी पाहा. दवाखान्याच्या बिलापेक्षा तो खर्च माणसाला बुडवतो.

चौथी पायरी: मार्ग ऋतूच्या मागे

कमी सामानात फिरायचं तर थंडीचे जाड कपडे नेता येत नाहीत. म्हणून मार्ग असा आखा की सौम्य हवा तुमच्याबरोबर चालत राहील. आम्ही सप्टेंबरात पोर्तुगाल आणि स्पेनपासून सुरुवात केली, डिसेंबर ते फेब्रुवारी व्हिएतनाममध्ये होतो, मार्च-एप्रिल न्यूझीलंडला, आणि मे महिन्यात चिलीमार्गे पेरूत पोचलो, तेव्हा अँडीजमध्ये कोरडा हंगाम नुकताच सुरू झाला होता. उत्तर थायलंड आणि लाओसला जायचं असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल टाळा. त्या काळात शेतं आणि रानं जाळतात, धूर महिनोन् महिने बसून राहतो, आणि दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना तो सोसत नाही.

व्हिसाचे नियम तुमच्या पासपोर्टवर अवलंबून असतात, त्यामुळे सगळ्यांना लागू पडेल तेवढंच सांगते. पासपोर्टची मुदत प्रवास संपायच्या तारखेपुढे सहा महिने असू द्या आणि कोरी पानं भरपूर. आपापसांतल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपातल्या शेंगेन गटात २९ देश आहेत आणि तिथल्या अल्पमुदतीच्या पाहुण्याला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच मिळतात. देश बदलला म्हणून मोजणी पुन्हा सुरू होत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ही ये-जा संगणकावर नोंदवायला सुरुवात झाली आहे, तेव्हा एक दिवसही जास्त राहू नका. नव्वद दिवस संपले की अल्बेनिया, सर्बिया, तुर्कस्तान, जॉर्जिया असे गटाबाहेरचे देश जवळच आहेत आणि मुक्कामाला स्वस्तही पडतात. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून नव्वद दिवसांचा मिळतो. आमच्यासारख्या सावकाश फिरणाऱ्यांना असे देश सोन्यासारखे.

व्हिएतनाममध्ये आम्ही दक्षिणेकडून उत्तरेकडे रेल्वेनं गेलो. हो ची मिन्ह सिटी ते हनोई हा लोहमार्ग १,७२६ किलोमीटरचा. सलग बसलात तर तीस तासांहून जास्त, आम्ही दहा आठवडे घेतले. ह्युएला फेब्रुवारीत पोचलो, कारण वर्षअखेरीस मध्य किनाऱ्यावर पाऊस झोडपतो. दा नांगहून ह्युएकडे जाताना गाडी हाय व्हान खिंडीतून समुद्राच्या अगदी कडेनं जाते. समुद्राच्या बाजूची जागा मागून घ्या. आणि रात्रीच्या गाडीत खालचा बर्थ. सहा बर्थच्या डब्यात सगळ्यात वर चढणं आपल्या खांद्यांचं काम नाही. तेत, म्हणजे तिथलं नववर्ष, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्ये येतं. गाड्या भरलेल्या आणि दुकानं बंद असतात. त्या आठवड्यात हलूच नका, मुक्काम लांबवा.

पूर्वेकडे जाताना झोपेची घडी बसायला पश्चिमेकडे जाण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. लांबच्या विमानानंतरचा मुक्काम म्हणून पंधरा रात्रींचा ठेवा. तारीखरेषा ओलांडताना कॅलेंडर समोर घेऊन बसा. ऑकलंडहून चिलीतल्या सांतियागोला निघालो ते संध्याकाळी, आणि उतरलो त्याच तारखेच्या दुपारी. मी खोली दुसऱ्या दिवसापासून घेतली होती. रात्र विमानतळाच्या बाकावर काढली, यांनी त्यांचं जाकीट माझ्या पायांवर घातलं आणि स्वतः सॅकला टेकून बसून राहिले.

उंचीचं गणित

पेरूत लोक लिमाहून, म्हणजे समुद्रसपाटीवरून, विमानानं तासाभरात कुस्कोला उतरतात. कुस्को ३,४०० मीटरवर आहे. तरुण मुलंही तिथे डोकं धरून बसलेली दिसली. आम्ही चिलीतल्या आरिकाहून सीमा ओलांडून ताक्नाला आणि तिथून बसनं आरेकिपाला गेलो. आरेकिपा सुमारे २,३०० मीटरवर. तिथे बारा रात्री राहिलो. मग कुस्कोला पोचलो त्याच दिवशी खाली ओयांताईताम्बोला झोपायला गेलो, ते २,८०० मीटरवर आहे. माचू पिचू २,४३० मीटरवरच आहे, कुस्कोपेक्षा बरंच खाली. म्हणजे आधी ते पाहायचं आणि कुस्को शेवटी ठेवायचं.

नियम असा: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं. उंचीच्या त्रासावर अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी उपयोगी पडते, पण ती इतर औषधांबरोबर चालते का हे घरच्या डॉक्टरांना आधीच विचारा. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते सांगा. डोकेदुखी आणि मळमळ वाढत गेली, किंवा एका पावलाला दुसरं लावत सरळ रेषेत चालता येईना, तर खाली उतरायचं, रात्र असली तरी.

पाचवी पायरी: सॅक

चाळीस लिटरची सॅक, भरून वजन सात किलोच्या आत. स्वस्त विमान कंपन्या बऱ्याचदा केबिनला सात किलोच धरतात, आणि आपल्या पाठीलाही तेवढंच झेपतं. पट्टा कमरेवर आवळलेला असावा, वजन नितंबांवर यावं, खांदे मोकळे राहावेत. सॅक पुढून सूटकेससारखी उघडणारी घ्या. वरून उघडणाऱ्या सॅकमध्ये तळाची गोष्ट काढायला रोज वाकावं लागतं.

कपडे तीन जोड: अंगावर एक, धुतलेला एक, वाळणारा एक. मेरिनो लोकरीचे दोन बनियन किंवा टीशर्ट घेतले तर वास धरत नाहीत आणि गारव्यातही चालतात. एक पावसाळी जाकीट, एक पातळ पिसांचं जाकीट, चांगले वापरून मऊ झालेले बूट आणि हलक्या चपला. लुंगीएवढं एक सुती कापड नक्की घ्या. ते टॉवेल होतं, पडदा होतं, उशीचा अभ्रा होतं, देवळात-चर्चमध्ये खांदे झाकायला होतं. कपड्यांची दोरी, विजेरी, छोटी सुई-दोऱ्याची डबी. पॉवर बँक हातसामानातच, आणि शंभर वॉट-अवरच्या आतली.

भरून झाल्यावर सगळं पलंगावर पसरा आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या ढिगातल्या तीन वस्तू काढायच्या. स्वतःच्या ढिगातली वस्तू काढवत नाही. यांनी माझा केस वाळवायचा पंखा काढला, मी यांचं दाढीचं अर्धं दुकान. दोन महिन्यांनी त्यातलं काय काढलं होतं ते मला आठवावं लागलं.

सहावी पायरी: मुक्काम कसा लावायचा

खोली शोधताना किमतीआधी पाच प्रश्न विचारा: कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, स्वयंपाक करता येतो का, भाजीबाजार आणि बसथांबा चालत किती मिनिटांवर, आणि न्हाणीघरात पाय उचलून आत जावं लागतं का. लिस्बनच्या अल्फामा भागात आमची पहिली खोली चौथ्या मजल्यावर निघाली, लाकडी वळणाचा जिना, पायऱ्या मधे झिजून खोलगट झालेल्या. गावही सगळं चढउताराचं. पहिल्या तीन दिवसांत यांचा उजवा गुडघा सुजला. त्यानंतर लिफ्टचा प्रश्न आम्ही कधी विसरलो नाही.

आधी तीन रात्रींचीच खोली घ्या. प्रत्यक्ष पाहून आवडली तर मालकाशी बोलून पुढच्या दोन आठवड्यांचा दर ठरवा. आठवड्याचा आणि महिन्याचा दर रोजच्या दरापेक्षा बराच कमी असतो.

होस्टेल ही तरुणांचीच जागा, हा समज सोडा. रिखार्ड शिर्मान या जर्मन शिक्षकानं १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ होस्टेल सुरू केलं. त्या परंपरेतल्या बहुतेक होस्टेलांना आज वयाची अट नाही, दोघांची वेगळी खोली मिळते आणि मोठं सामाईक स्वयंपाकघर असतं. न्यूझीलंडमध्ये आम्ही बहुतेक असेच राहिलो. संध्याकाळी ओट्यापाशी विशी-पंचविशीतली मुलं शेजारी उभी राहून कांदा चिरत गप्पा मारायची, आणि सकाळी निघताना दारात येऊन निरोप घ्यायची.

फुकट राहण्याचे मार्गही आहेत. सर्व्हास ही १९४९ पासूनची यजमान-पाहुण्यांची संस्था, शेतावर काम करून राहायचं असेल तर १९७१ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेली वूफ, आणि लोक सुट्टीवर गेले की त्यांचं घर आणि कुत्री-मांजरं सांभाळायची हाउस-सिटिंगची पद्धत. आपल्या वयाला हाउस-सिटिंग उत्तम जमतं, लोकांचा विश्वासही बसतो. पण सावध राहा: कामाच्या बदल्यात राहणं, मग पैसे न घेता का होईना, काही देशांत पर्यटक व्हिसावर चालत नाही. सीमेवर अडचणीत येण्यापेक्षा त्या देशाचा नियम आधी वाचा.

रेल्वेत वयाचा फायदा मागून घ्या, आपणहून कुणी देत नाही. युरोपातल्या युरेल आणि इंटररेल पासांवर साठीपुढे दहा टक्के सवलत आहे. पोर्तुगालच्या रेल्वेत ६५ वर्षांपुढे तिकीट निम्म्यात मिळतं, पासपोर्ट दाखवायचा.

मुक्कामाच्या नियमाला एकच अपवाद आम्ही केला, तो स्पेनमधल्या कामिनो दे सांतियागो या पायी तीर्थयात्रेच्या वाटेचा. तिथे चालणं हाच मुक्काम. फ्रान्समधल्या सेंट-जाँ-प्ये-द-पोर्तपासून पूर्ण वाट सुमारे ७८० किलोमीटर, पण प्रमाणपत्रासाठी शेवटचे १०० पायी पुरतात. पहिल्या दिवशीचा पिरेनीजचा चढ सुमारे १,२०० मीटरचा आहे. तो वाटेतल्या ओरिसोनला रात्र काढून दोन दिवसांत करा, तिथली जागा आधी राखून ठेवावी लागते. यात्रेकरूंच्या आल्बेर्गेत, म्हणजे धर्मशाळेत, एका माणसाला साधारण एकच रात्र मिळते. सॅक पुढच्या गावी पोचवणारी सेवा आहे, थकलेल्या दिवशी ती घेण्यात कमीपणा मानू नका. बुर्गोस आणि लेओनला दोन-तीन रात्री थांबा.

दोघांचं

चोवीस तास एका खोलीत राहायची सवय कुणालाच नसते. आठवड्यातला एक दिवस वेगवेगळे फिरा, संध्याकाळी ठरल्या जागी भेटा. हे तासन् तास बंदरावर बोटी बघत, मी बाजारात. रात्री सांगायला काहीतरी असायचं.

चाल दोघांतल्या सावकाश माणसाची. तो पुढे चालेल, दुसरा मागे. भरभर चालणारा पुढे असला तर त्यानं थांबून वाट पाहायची आणि मागचा पोचला की लगेच निघायचं, असं झालं की मागच्याला विश्रांतीच मिळत नाही.

आणि एक काम आमच्या पिढीत हमखास एकाकडेच असतं: पैसे, तिकिटं, नकाशे. ते महिन्यामहिन्यानं बदलून घ्या. दोघांनाही सगळे पिन, विम्याचा फोन नंबर, औषधांची दुसऱ्याची यादी तोंडपाठ हवी. व्हिएतनाममध्ये यांना तापानं फणफणलं, डेंग्यूचा संशय होता, चार दिवस दवाखान्यात. विमा कंपनीशी बोलणं, कागद भरणं, खोलीची मुदत वाढवणं, सगळं मला करायचं होतं. तो महिना योगायोगानं माझ्या वाट्याचा होता, पैशांची वही माझ्याकडे होती, म्हणून निभावलं. ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नका. हृदयासाठी रोजची अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, मच्छरदाणीवर विसंबून चालत नाही, डीट हे डास पळवणारं रसायन असलेलं मलम सकाळीच लावायचं.

परत कधी यायचं

हे निघण्यापूर्वी ठरवा, कारण वाटेत ठरवायला बसलं की एकाला दुसऱ्यासाठी थांबल्यासारखं वाटतं. आमचा नियम असा होता: दोघांपैकी कुणीही ‘घरी जाऊया’ म्हणू शकतं, कारण सांगायची गरज नाही. ते म्हटल्यापासून सात दिवस त्याच मुक्कामाला राहायचं, काही बघायला जायचं नाही, पोटभर जेवायचं, झोपायचं, आणि त्यावर वाद घालायचा नाही. आठव्या दिवशी सकाळी पुन्हा विचारायचं.

तो नियम दोनदा वापरला. पहिल्यांदा मी, न्यूझीलंडमध्ये, दाढ दुखत होती तेव्हा. दाढ काढली, आठव्या दिवशी सकाळी मी नाही म्हणाले आणि आम्ही पुढे गेलो. दुसऱ्यांदा हे, जुलैअखेरीस, कुस्कोत. आठव्या दिवशी मी विचारलं तेव्हा ते अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढत होते. त्यांनी माझे वेगळे, स्वतःचे वेगळे असे दोन ढीग केले आणि मान हलवली. मी तिसऱ्या गल्ल्यातून तिकिटं काढली.